गट नंबर सत्त्याऐंशी, पोटखराब

वडनेर
१० नोव्हेंबर २०२४

भाऊजींना कोकिळेचा नमस्कार.

खुशालीचं नंतर लिहीन, आधी भांडणाचं लिहिते. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं आणि मी दुकानात उभी राहून "तब्येत कशी आहे" एवढंच पाच वेळा ओरडले. गिऱ्हाइकांना वाटलं, मी पोराला, प्रफुललाच झापते आहे. म्हणून हे पत्र. तसंही कागदावर उतरलं तेच खरं, हे तुमचं ब्रीद. मंदी होती तोवर बहिणीच्या कानात सांगितलं की तुमच्यापर्यंत पोचायचं. ती गेली त्याला पाच वर्षं झाली, आता तुम्हालाच थेट सांगावं लागतं.

भाऊबीजेला सावळखेडला गेले होते. आपल्या गावच्या 'लेकीच्या टेकडी'च्या पायथ्याशी लाल झेंड्या रोवल्या आहेत. तळेगावच्या हायवेपर्यंतचा रस्ता रुंद होणार, त्याला मुरूम पाहिजे, आणि मुरूम टेकडीत आहे. कंत्राटदाराने अर्ज टाकला, ग्रामपंचायतीने ठराव करून दिला. कैलासला विचारलं तर म्हणतो, "बाई, तू काऊन मधात पडून राह्यली? गावाले रस्ता होऊन राह्यला ना." माझा सख्खा भाऊ, आणि दारात नवा टिप्पर उभा. आता मुरूम वाहायला तोच टिप्पर लागणार हे कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

तुम्ही जावईमाणूस, तुम्हाला टेकडीचं काय अप्रूप, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या गावची पोर सासरी निघाली की अंगावर हळद असतानाच बापाच्या वावरातला एक गोटा उचलते, टेकडीवर नेते आणि उभा रोवते. पुढे माहेरी आली की त्याला चुना लावते. ती मेली की चुना थांबतो, गोटा राहतो. माझी आत्या तिथे आहे, माझी आई पलीकडच्या गावची म्हणून नाही. बापूजींच्या वावराच्या सातबाऱ्यावर आज एकट्या कैलासचं नाव आहे. माझं त्या गावात काही असेल तर तो एक गोटा.

मी घाबरलेली नाही. अठ्ठ्याऐंशी साली सावळखेडची मोजणी तुम्हीच केली आणि गोट्यांची नोंद सरकारी कागदावर घेतली. ती नक्कल तेवढी काढून पाठवा. बाकी मी बघते.

कोकिळा


आष्टी
१९ नोव्हेंबर २०२४

सौ. कोकिळेस,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी पाय पुसून गेल्यासारखं.

जिला तुम्ही टेकडी म्हणता ती माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत टेकडी या सदरात कधी बसली नाही. सातपुड्याने कूस बदलली तेव्हा अंथरुणाबाहेर पडलेला मुरूम, त्याला सावळखेडवाल्यांनी नाव दिलं आणि पाया पडायला लागले. बकरी एका दमात चढते. इतक्या ढिगाऱ्यासाठी तीन गावं मान वर करून बोलतात, याचं मला नेहमी हसू येतं.

आणि गावं तरी कशी! तुमचं सावळखेड, जिथे एसटी थांबते ती फक्त ड्रायव्हरला तंबाखू मळायची असते म्हणून. तळेगाव, जे हायवेवर आलं तेव्हापासून दिल्ली आपल्याच दारावरून जाते असं समजून दुप्पट भावाने चहा विकतं. आमच्या आष्टीचं तर विचारूच नको. बेचाळीस साली ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या ते मोजके होते, त्यांच्यापुढे मीही हात जोडतो. पण पानठेल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाचा आजा त्या दिवशी सर्वांत पुढे होता म्हणे. एवढे सगळे पुढे असतील तर मागे कोण होतं, हे मी एकदा विचारलं, तेव्हापासून त्या ठेल्यावर मला पान मिळत नाही. तुझ्या वडनेरला हैदराबादचे ट्रक पंक्चर काढायला थांबतात, त्याला तुम्ही बाजारपेठ म्हणता. तेव्हा कोणी कोणाला हसू नये हे खरं, पण मला कोणी अडवत नाही.

या सगळ्या गाढवांच्या बाजारात माझं एक काम तेवढं नीट झालं. आजही दोन भावांत बांधावरून काठ्या निघाल्या की तहसीलच्या आधी माझ्याकडे येतात. "मोजणीसाहेबानं म्हटलं" म्हणजे विषय संपला. हातभर चूक कोणी दाखवून दिली नाही.

नकलेचं म्हणशील तर इतके जुने कागद, कुठल्या गठ्ठ्यात, वाळवीने किती खाल्ले, सांगता येत नाही. मी बघतो. तू त्यात पडू नको. आणि गोट्यांचं एवढं मनाला लावून घेऊ नको. मंदाने पूर्ण आयुष्यात माझ्यापाशी त्या ढिगाऱ्याचं नाव दोनदासुद्धा काढलं नाही. तिला समज होती.

सदाशिव


वडनेर
२ डिसेंबर २०२४

भाऊजी,

मंदीने नाव का काढलं नाही, ते मला ठाऊक आहे. ते राहू द्या.

तुमची शिव्यांची लाखोली मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. वडनेरच्या पंक्चरवाल्याला फार आवडली. तो म्हणाला, "साहेबाची गाडी कधी इकडून गेली तर हवा फुकट भरून देईन, पण चाकात नाही." मी हसले. प्रफुल म्हणाला, आई, तुझे भाऊजी स्वतः सोडून सगळ्यांना ओळखतात.

आता कामाचं. हरकती घ्यायची मुदत ३१ डिसेंबर आहे. मी घरोघर फिरले. आर्वीत दिलेल्या, कारंज्यात दिलेल्या, हिंगणघाटात दिलेल्या, जिथे जिथे आमच्या गावच्या पोरी आहेत तिथे निरोप गेला. एकशे चार जणींच्या सह्या झाल्या, त्यांत तीस-बत्तीस अंगठे. ऐंशी वर्षांची एक म्हातारी म्हणाली, "माह्या नवऱ्यानं मले घरातून दोनदा काढलं, पण टेकडीवून मले कोणी काढू शकत नाई." तिला मी सांगितलं, काढू शकतच नाही, माझ्या भाऊजीने सरकारदरबारी लिहून ठेवलं आहे.

हे मी आजच सांगत नाही, छत्तीस वर्षं सांगते आहे. तुम्हाला आठवत नसेल म्हणून लिहिते. मार्चचा महिना होता. मी प्रफुलला कडेवर घेऊन माहेरी आले होते, मंदीही तुमच्यासोबत आली होती. बापूजींनी जावयासाठी पाटवड्यांचा रस्सा करायला लावला होता. तुम्ही मोजणीवरून आलात, हातपाय धुतले, पाटावर बसलात. मी वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, आमच्या गोट्यांचं लिहिलं का?" तुम्ही म्हणालात, "लिहिलं बापा लिहिलं. एकूण एक गोटा लिहिला." बापूजींनी घाण्यावरच्या गड्यांना हाक मारून सांगितलं, "आयकलं का रे, आपले गोटे कागदावर आले." घाण्याचा बैल तेवढा फिरत राहिला, बाकी सगळे थांबले होते.

त्या कागदावर हे सगळं उभं आहे. लवकर पाठवा.

कोकिळा


आष्टी
११ डिसेंबर २०२४

सौ. कोकिळेस,

नक्कल मिळणं कठीण आहे. मी चौकशी केली. सहा महिनेही लागतील, मिळणारही नाही. त्या कागदावर भिस्त ठेवू नको.

माझा सल्ला ऐकशील तर हरकतीच्या भानगडीत पडू नको. एकशे चार बायकांच्या सह्या म्हणजे तहसीलच्या टेबलावर ग्लासाखाली ठेवायचा कागद. त्यापेक्षा कंत्राटदाराला भेट. माणूस तयार होईल. गोटे ट्रॉलीत घालून मारुतीच्या देवळामागे आणून ठेवायचे, वर पत्र्याचं छत, एक पाटी. ऊन नाही, पाऊस नाही, म्हाताऱ्यांना चढायला नको. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तसं समज. गोटा टेकडीवर असला काय आणि देवळामागे असला काय, गोट्याला काय कळतं?

आणि घरोघर माझं नाव घेत फिरू नको. मी निवृत्त माणूस आहे. छत्तीस वर्षांपूर्वी जेवणाच्या पाटावर कोण काय बोललं, याचे पुरावे होत नसतात.

सदाशिव


वडनेर
२० डिसेंबर २०२४

श्री. सदाशिवराव यांस,

नक्कल मिळाली. प्रफुलने अर्ज केला, चौथ्या दिवशी हातात आली. वाळवीने एक अक्षर खाल्लेलं नाही. खायला हवं होतं.

तुमचं अक्षर फार सुंदर आहे. तुम्हीच वाचा:

"मौजा सावळखेड, गट नंबर ८७. पोटखराब. माथा खडकाळ व निरुपयोगी. प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. बांधकाम, झाडे, देवस्थान वा वहिवाट आढळून आली नाही."

खाली तुमची सही. कंत्राटदाराने आपल्या अर्जाला हीच नक्कल जोडली आहे. म्हणजे टेकडी खोदायची परवानगी तुमच्याच सहीवर उभी आहे. एकशे चार जणींना मी जो कागद दाखवणार होते, तो दुसऱ्याच्या हातात निघाला.

त्या दिवशी तुम्ही वर गेलाच नाहीत. नक्कल वाचल्यावर मी चौकशी केली. जे दोघे मोजणीची साखळी धरायला होते त्यांतला नत्थूजी अजून आहे. तो म्हणाला, "साहेब घाण्याच्या ओसरीत बसले. आमाले म्हणे, त्या मुरमावर काय चढाचं, खालून दिसते ना सारं. कागद तिथंच भरला, मंग झोपले." उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. तुम्ही ओसरीवरून टेकडी मोजली.

आता मंदीचं लिहिते. पाच वर्षं पोटात ठेवलं, त्याच्या आधी तिने एकतीस वर्षं ठेवलं.

त्याच जेवणाला, माझं विचारून झाल्यावर, ती पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि तिने तुम्हाला विचारलं, "माहा गोटा दिसला का तुमाले? पळसाखालचा?" आठवतं का? तुम्ही घास गिळून म्हणालात, "दिसला ना. चुना उडून राह्यला त्याचा, लावून घेजो."

भाऊजी, मंदीचा गोटा टेकडीवर नाहीच. कधीच नव्हता. तुमच्या लग्नात तुमची वरात आष्टीच्या चारच्या गाडीसाठी घाईला आली होती. मंदी हातात गोटा घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभी होती आणि तुम्ही म्हणालात, "हे गोटेफिटे राहू द्या, शिकलेल्या घरात येऊन राह्यली तू." तिने गोटा खाली ठेवला. हळद उतरली की पुन्हा नेता येत नाही, हा आमचा नियम. ती माहेरी आली की आमच्यासोबत टेकडीच्या अर्ध्यापर्यंत यायची आणि तिथे बसून राहायची.

त्या दुपारी गोठ्यामागे ती मला म्हणाली, "हे गेलेच नाईत वर." आधी हसली. मग हसू थांबलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बापूजींना सांगते, अजून कागद इथेच आहे. तिने माझा हात धरला. "नको कोकी. जावयाची मान गेली त बापूजी जेवाचे नाईत. झाकली मूठ राहू दे." मला वाटलं, गोट्यांचं तरी बाकी खरं लिहिलं असेल, न पाहता का होईना. एवढा विश्वास मी ठेवला, ती माझी चूक. तिने तेवढाही ठेवला नव्हता. त्यानंतर तिने तुमच्या कामाबद्दल तुम्हाला कधी काही विचारलं का, ते आठवून बघा. तुम्ही लिहिता, तिला समज होती. होतीच.

कोकिळा, डोमाजी यांची मुलगी


आष्टी
२४ डिसेंबर २०२४

तुझं पत्र पोचलं. त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही.

सदाशिव


वडनेर
३० डिसेंबर २०२४

हरकत दिली. सुनावणी ३ जानेवारीला, अकरा वाजता. समोरच्या वकिलाने नत्थूजीला आधीच म्हातारा, दारुडा ठरवलं आहे. "प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली" हे सरकारी माणसाचं लिहिलेलं, त्यापुढे त्याचं कोण ऐकणार?

तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर मला तुमच्याशी बोलावं लागेल.

कोकिळा


आष्टी
९ जानेवारी २०२५

कोकिळा,

मी आलो तरी तू माझ्याशी बोलली नाहीस, शब्द मोडलास. मीही तू नको म्हटल्यावर आलो, त्यामुळे हिशेब बरोबर झाला. पण तुला मागच्या रांगेतून सगळं ऐकू आलं नसेल, आणि त्यानंतरचं तर ठाऊकच नाही. म्हणून लिहितो. कागदावर उतरलं तेच खरं, हे मी अजूनही म्हणतो. फक्त उतरवणारा बघून घ्यावा, एवढी भर घालतो.

आधी कबुली. चोवीस तारखेचं पत्र लिहिताना मला तुझा राग आला होता. तीन दिवस मी मंदाच्या खोट्या प्रश्नाचा राग करत बसलो. नवऱ्याला असं विचारतात का, म्हणून. एकाही दिवशी माझ्या खोट्या उत्तराचा राग आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहा करताना आला, आणि चहा उतू गेला. लग्नाच्या दिवशीचं तर मला आठवतच नव्हतं. तुझ्या पत्रात वाचून आठवलं. गाडी चारची नव्हती, साडेचारची होती. अर्धा तास होता माझ्यापाशी.

अठ्ठ्याऐंशी सालीही तसंच. उन्हाचा ताप नव्हता, अंगात ताप नव्हता, वेळ होता. त्या ढिगाऱ्यावर चढणं माझ्या पदाला शोभत नाही असं वाटलं. सावळखेडच्या बायकांनी गोटे उभे केले म्हणून मी साखळी घेऊन धावायचं का, असं. खोटं लिहायचं असंही ठरवलं नव्हतं. "आढळून आली नाही" हे लिहायला हाताला सवय होती, ते लिहून झालं. पाटावर तू विचारलंस तेव्हा कागद बाजूच्या खोलीत पिशवीत होता. उठून एक ओळ घालायची होती. रस्सा गरम होता.

सुनावणीला तू पाहिलंस, सगळं आष्टी-तळेगाव जमलं होतं. ज्यांच्यावर मी आयुष्यभर नाक मुरडलं ते सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. सुनावणी घेणारे साहेब हळू आवाजात बोलले, माझ्या कानातल्या यंत्राने नेमकी शिट्टी मारली. मी म्हटलं, पुन्हा विचारा. ते म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी माथ्यावर गेला होता का?" मला वाटलं, मी हळूच "नाही" म्हणालो. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू गेलं म्हणे. वकिलाने विचारलं, मग सही कोणाची? म्हटलं, माझीच. खोटी? म्हटलं, सही खरी आहे, वरचं खोटं आहे. कैलास मान खाली घालून मोबाईल पाहत होता. टिप्परचा हप्ता पाहत असेल.

पुन्हा मोजणी होऊन अहवाल येईपर्यंत खोदकाम बंद, एवढं साहेबांनी लिहिलं, ते तुम्ही ऐकलंच. टाळ्या वाजवल्या तुम्ही बायकांनी. माझ्यासाठी नव्हत्या, हे मला कळलं, तेवढी समज मलाही आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तळेगावचे दोघे भाऊ दारात. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचा बांध मी घातला होता. थोरला म्हणतो, "साहेब, आमचं तरी वावर पाहून मोजलंत का, का तेही ओसरीतूनच?" मोजलं होतं कोकिळा, पोटरीएवढ्या चिखलात उभा राहून मोजलं होतं. पण मी काय सांगू त्याला? कोणत्या तोंडाने? काल आणखी एक आला, आज दोन. पानठेल्यावर माझ्या नावाने टेकडीपेक्षा उंच काहीतरी रचलं जात असेल. एक मात्र झालं, पानवाल्याने मला हाक मारून पान दिलं. पैसे घेतले, पण दिलं. म्हणाला, "घ्या साहेब, आता तुमीबी आमच्यातलेच."

आता परवाचं.

मोजणीला खात्याची एक पोरगी आली होती, रक्षा नावाची. साखळी नाही, झेंड्या नाहीत, एका काठीवर डबा. उपग्रहाला विचारून मोजते म्हणे. आमच्या वेळी असल्या कामाला आम्ही काम म्हटलं नसतं. ती माझ्या आधी वर पोचली आणि वरून ओरडली, "काका, बसत बसत या." जी टेकडी बकरी एका दमात चढते म्हणून मी लिहिलं, तिला मला पाऊण तास लागला. तीन ठिकाणी बसलो. दुसऱ्यांदा बसलो ती जागा सपाट आहे, खाली पूर्ण सावळखेड दिसतं, बापूजींचा घाणा होता ती पडकी भिंतसुद्धा. मंदा अर्ध्यावर बसायची म्हणालीस. तिथेच बसत असावी. तिथून ओसरी नीट दिसते.

चढायच्या आधी मी कैलासकडे गेलो होतो. म्हटलं, डोमाजींच्या वावरातला एक गोटा पाहिजे. तो म्हणाला, "भाऊजी, पागल झाले का तुमी? ट्रॉलीभर मुरूम अडकवून ठेवला, आता गोटा कायले पाहिजे?" तरी वावरात घेऊन आला. विहिरीच्या कडेचा एक काळा गोटा त्यानेच उचलला आणि पायथ्यापर्यंत आणून दिला. वर मात्र नेला नाही. मीही सांगितलं नाही. पिशवीत घालून नेला.

गोटे मोजले. रक्षा एका टोकाने, मी दुसऱ्या. माणसं उभी असावीत तसे दाटीने आहेत, काहींवर चुन्याचे थर असे की खालचा दगड दिसत नाही, काही कोरडे. तीनशे अठरा. पुन्हा मोजले, तीनशे अठरा. मग मी पळस शोधायला लागलो. त्याच्याखाली ठेवायचा होता. सगळा माथा फिरलो. शेवटी रक्षाला विचारलं. ती म्हणाली, "काका, इथं पळस कुठं? खैर हायेत चार, बाकी काई नाई." नत्थूजी सोबत होता, त्याला विचारलं, पूर्वी होता का, कोणी तोडला का? तो म्हणाला, "मह्या जन्मात त नाई पाह्यला."

तू हे मला लिहिलं नाहीस. तुलाही लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल. गोटा नव्हता, पळसही नव्हता. जो एकदा वर जाऊन आला असता, तो लगेच म्हणाला असता, कुठला पळस? तिने मला सुटायला एक वाट ठेवली होती. मी चुन्याचं सांगत बसलो.

गोटा उघड्यावरच रोवला, पश्चिमेच्या कडेला. तुमच्या नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. हळद नाही, पोरगी नाही, आणणारा जावई. तुम्ही बायका उपटून टाकणार असाल तर टाका, मी हरकत घेणार नाही. रक्षा लिहीत होती, म्हणाली, "काका, मंग तीनशे एकोणीस ना?" मी म्हटलं, अठराच लिहा. हा आज आला, त्या दिवशी नव्हता. तिने अठरा लिहिलं. "वहिवाट आढळून आली" हा शेरा मी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. यंत्र काढून ठेवलं होतं, तरी ऐकू आला.

मंदाने विचारलं होतं ना, तिला कळवायची आता दुसरी सोय नाही, म्हणून तुला लिहितो. दिसला. पळस मात्र नाही. चुना लावलेला नाही, तो माहेरी आलेल्या लेकीने लावायचा असतो. ये आणि लाव.

सदाशिव